‘क्लास’ बदलता येतो का?

गेल्या पावसाळ्यात इंग्रजीचे गुरुजी रजेवर होते, म्हणून इयत्ता सहावीचा एक बदली तास माझ्याकडे आला. मी इतिहासाचा शिक्षक. इंग्रजीच्या व्याकरणात फार खोल शिरण्याचे धाडस नव्हते. बाहेर तानसेच्या खोऱ्यावर पाऊस धरून राहिला होता आणि मुले कंटाळली होती. मी फळ्यावर देवनागरीतच ‘क्लास’ हा शब्द लिहिला आणि तो ज्यात येतो असे एक वाक्य प्रत्येकाने मराठीतच लिहावे, असे सांगितले. हा शब्द न वापरता आपल्याकडे कुणाचा दिवस मावळत नाही, तेव्हा काम सोपे होते.

वह्या गोळा केल्या तेव्हा मात्र मी चकित झालो. ‘आमचा क्लास वरच्या मजल्यावर आहे,’ हे अपेक्षितच होते. ‘माझी ताई भिवंडीला क्लासला जाते,’ हेही. पण पुढे होते : ‘काल जेवणातली उसळ क्लास झाली होती.’ ‘उलट बोललो म्हणून मामाने माझा क्लास घेतला.’ ‘मुंबईच्या लोकलमध्ये फर्स्ट क्लासला गर्दी कमी असते.’ ‘माझे काका क्लास फोर आहेत.’ वाड्याकडच्या एका मुलीने लिहिले होते, ‘फॉर्मवर आमचा क्लास एस.टी. आहे.’ मी ते वाचून दाखवताच वर्ग खो खो हसला; त्यांच्या डोळ्यांसमोर वज्रेश्वरीच्या थांब्यावरची लाल गाडी उभी राहिली होती. ती मुलगीही हसली, पण जरा उशिराने.

मागच्या बाकावरच्या एका मुलाची वही कोरी होती. त्याचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यामुळे या मुलाची दोन वर्षे शाळेबाहेर गेली आहेत आणि तो वर्गात सर्वांत उंच आहे. मी कारण विचारले, तेव्हा उत्तराऐवजी त्यानेच प्रश्न केला, “सर, क्लास बदलता येतो का?” मी विचारले, “कोणता?” तो म्हणाला, “कुठलापण.”

तेवढ्यात घंटा झाली. घंटेने माझी सुटका केली, हे कबूल करायला हवे. या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरवले, की त्या मुलाचे उत्तर येथेच द्यावे; कारण त्या प्रश्नाशी आपल्या शाळेच्या उद्याच्या एका निर्णयाचाही संबंध आहे.

प्रथम शब्दाची जन्मकथा पाहू. इंग्रजीतील हा शब्द लॅटिनमधील ‘क्लासिस’ या शब्दापासून आला. प्राचीन रोमचा राजा सर्व्हियस टुलियस याने नागरिकांची त्यांच्या मालमत्तेनुसार पाच वर्गांत विभागणी केली, असे रोमन इतिहासकार सांगतात. युद्धात कोणी कोणती शस्त्रे स्वखर्चाने आणायची आणि सभेत कोणाच्या मताला किती वजन, हे त्या वर्गावर ठरत असे. ज्यांच्याजवळ नोंदण्याजोगी मालमत्ताच नव्हती आणि राज्याला देण्यासाठी केवळ संतती होती, ते या पाचांच्या खाली. त्यांना ‘प्रोलेटारी’ म्हणत. अठराशे-एकोणिसशेच्या शतकांत युरोपातील कामगार चळवळीने हाच शब्द अभिमानाने उचलला. उलट ‘क्लासिक’ म्हणजे अभिजात, या शब्दाचे मूळ पहिल्या मालमत्ता-वर्गात आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ऑलस गेलियस या लेखकाने उत्तम ग्रंथकाराला पहिल्या वर्गाचा म्हटले आणि त्याच्या विरुद्ध टोकाला ‘प्रोलेटारी’ ठेवला. साहित्याची प्रतवारी करताना त्याने करवसुलीच्या खात्यातली भाषा वापरली. श्रीमंताचे ते उत्तम आणि निर्धनाचे ते हलके, ही समजूत या शब्दाच्या रक्तात अशी जुनी आहे. उसळ ‘क्लास’ झाली असे लिहिणाऱ्या मुलाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात रुळला, तो प्रामुख्याने दोन अर्थांनी : रोमन लोकांचे विभाग आणि शाळेतील विद्यार्थ्यांचे गट. समाजाच्या उच्च, मध्यम व कनिष्ठ थरांसाठी तो सर्रास वापरला जाऊ लागला तो पुढे, यंत्रयुगाबरोबर. म्हणजे एकाच शब्दात दोन भिन्न स्वभाव नांदू लागले. शाळेतला वर्ग हा ओलांडण्यासाठीच असतो. जून महिन्यात मूल त्यात शिरते आणि पुढच्या जूनमध्ये त्यातून बाहेर पडते. न पडले तर आपण चिंता करतो. समाजातला वर्ग मात्र टिकून राहण्यासाठी धडपडतो. वरचे लोक त्याची दारे लावून घेतात आणि खालच्यांना सांगतात, की तुमची पायरी हीच.

मराठीने या शब्दासाठी दोन सुंदर पर्याय दिले. एक ‘इयत्ता’. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ ‘इतकेपणा’, म्हणजे अमुक एक मर्यादा वा परिमाण. सहावी इयत्ता म्हणजे आजवर इतके झाले. उद्या अधिक होईल. यात कोणाचा कमीपणा नाही. दुसरा शब्द ‘वर्ग’. तो समूहवाचक आहे : क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग. गणितात तो संख्येला स्वतःनेच गुणून वाढवतो. बँकेत रक्कम ‘वर्ग करणे’ म्हणजे ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेणे. मराठीच्या व्यवहारात वर्ग ही हलणारी गोष्ट आहे. त्याच्या शेजारी एक दुसरा शब्द बसलेला आहे, तो ‘वर्ण’. लिहिताना केवळ एका अक्षराचा फरक. पण त्या एका अक्षरात दोन हजारांहून अधिक वर्षांची बंदिस्ती आहे. ‘क्लास’चे भाषांतर आपण ‘वर्ग’ असे करतो. आचरण करताना ते पुष्कळदा ‘वर्ण’ असे होते. माझ्या मते आपल्या समाजाचे सारे दुखणे या एका भाषांतरचुकीत सामावले आहे.

या शब्दाचे पैशाने बदलता येणारे अर्थ प्रथम घेऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून आपल्या ठाण्यापर्यंत पहिली प्रवासी आगगाडी धावली. आगगाडीने जातिभेद मोडेल, अशी अनेकांना तेव्हा आशा वाटत होती. काही अंशी ती खरी ठरली. एका बाकावर कोण बसले हे विचारत बसायला गाडी थांबत नव्हती. पण गाडीने स्वतःची उतरंडही आणली : पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग. ही उतरंड निदान प्रामाणिक होती, कारण तिकिटाचे पैसे टाकले की डबा बदलत असे. भारतीय रेल्वेने १९७४ साली तिसरा वर्ग बंद केला. डब्यावरची पाटी पुसली गेली. पण आपल्या जिभेवरचा ‘थर्ड क्लास’ अजून धावतो आहे. ‘थर्ड क्लास माणूस’, ‘थर्ड क्लास वस्ती’ असे आपण सहज बोलतो. ज्या डब्यातून आपले आजे-पणजे पोटासाठी मुंबईला गेले, त्या डब्याचे नाव आपण शिवी म्हणून वापरतो. शासकीय सेवेतही आता कागदावर गट अ, ब, क, ड आहेत. तरी ‘क्लास वन’ आणि ‘क्लास फोर’ बोलण्यातून गेलेले नाहीत. त्या मुलाने काकांचे नाव किंवा काम लिहिले नाही. काका म्हणजे ‘क्लास फोर’. माणसाच्या जागी त्याची प्रत बसली.

आता शिक्षणाकडे वळू. १८३५ च्या आपल्या टिपणात मेकॉलेने सरकार आणि कोट्यवधी जनता यांच्यात दुभाषी म्हणून उभा राहील असा इंग्रजी शिकलेला एक ‘क्लास’ निर्माण करण्याची कल्पना मांडली. वरच्या थराला शिकवा, म्हणजे ज्ञान आपोआप खाली झिरपेल, असा त्या काळच्या धोरणाचा विश्वास होता. ते झिरपले का? महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे निवेदन सादर करून याचे उत्तर दिले. सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर; वर शिकलेल्यांनी खालच्यांसाठी काय केले ते दाखवा, असा त्यांचा सवाल होता. प्राथमिक शिक्षण सर्वांना आणि सक्तीचे मिळावे, अशी त्यांची मागणी होती. वरून ओतलेले पाणी वरच्याच मडक्यात राहते, हे जोतीरावांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच ओळखले होते. हा मुद्दा लक्षात ठेवावा. लेखाच्या शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

त्यानंतर हा शब्द थेट आपल्या नावाला चिकटला. इंग्रजी राज्यकारभारात अस्पृश्यांसाठी ‘डिप्रेस्ड क्लासेस’ ही संज्ञा रूढ झाली. १९०६ साली महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले आणि त्याचे मराठी नाव ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’ असे ठेवले. महर्षींच्या तळमळीविषयी शंका नाही. मात्र ‘निराश्रित’ या शब्दातून आश्रयाची अपेक्षा ध्वनित होते. १९२४ साली बाबासाहेबांनी संस्था काढली तिचे नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’. १९२५ मध्ये त्या सभेने सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. १९२७ साली निघालेल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’. इंग्रजीतला ‘डिप्रेस्ड’ नुसताच दबलेला आहे. त्याला कोणी दाबले, हे तो सांगत नाही. ‘बहिष्कृत’ म्हणताच बहिष्कार घालणारा समोर येऊन उभा राहतो. शब्दाची निवड ही भाषेच्या हौसेची बाब नव्हती, तो आरोप होता.

दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, १९३१ साली, बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जे पुरवणी निवेदन दिले, त्यात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हे नाव बदलावे अशी स्पष्ट मागणी होती; हे नाव मानहानिकारक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. राजकीय हक्कांच्या एवढ्या मोठ्या रणधुमाळीत त्यांना एका नावासाठी वेळ काढावासा वाटला, हे विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो. पुढे १९३५ च्या कायद्यात ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ हा शब्द आला आणि १९३६ मध्ये जातींची अनुसूची प्रसिद्ध झाली. सरकारी इंग्रजीत आपण ‘क्लास’चे ‘कास्ट’ झालो. वरवर पाहता हे अधोगतीचे वाटेल. पण जे जातीमुळे घडले त्याला जात म्हणणे, हे गुळगुळीत ‘वर्ग’ म्हणण्यापेक्षा अधिक खरे होते.

जात आणि वर्ग यांचे नाते काय, या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी याच्या वीस वर्षे आधीच देऊन ठेवले होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय अवघे २५ होते. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा, की जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग. आधी वर्ग होते आणि माणूस एकातून दुसऱ्यात जाऊ शकत होता. मग एका वर्गाने विवाहाच्या बंधनाने आपले दार आतून लावले, त्याचे अनुकरण इतरांनी केले, आणि कित्येकांवर दार बाहेरून लावले गेले. ज्याचे दार उघडे तो वर्ग. ज्याचे दार बंद ती जात. आमच्या सहावीतल्या उंच मुलाचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या त्या खोलीत शास्त्रशुद्ध रीतीने मांडला गेला होता.

हे केवळ ग्रंथातले नाही, हे भिवंडीकरांना तरी पटवून द्यावे लागू नये. आपल्या गावोगावच्या कुटुंबांतील कोणी ना कोणी यंत्रमागावर राबलेले आहे. मुंबईच्या गिरण्यांत सूतकताईपेक्षा साचेखात्यात मजुरी जास्त असे. पण अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात प्रवेश नव्हता. कारण कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला महाराचे तोंड लागले त्याला आपले तोंड कसे लावायचे, असा सवर्ण कामगारांचा आक्षेप होता. माझे आजोबा रिंगखात्यातच म्हातारे झाले. साचे त्यांनी दारातूनच पाहिले. १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला, की कामगारांचा वर्ग एक आहे तर साचेखात्याचे दार बंद का? १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हा त्यांचा सिद्धांत त्या धोट्याच्या भोकाएवढ्या जागेत लख्ख दिसतो.

राज्यघटनेत मात्र ‘वर्ग’ हा शब्द एका नव्या कामाला लागला. शासकीय सेवेत नागरिकांच्या मागास वर्गासाठी राखीव जागा ठेवता येतील, अशी तरतूद सोळाव्या अनुच्छेदात आहे. ‘मागास’ हे विशेषण कशासाठी, यावर घटना समितीत ३० नोव्हेंबर १९४८ रोजी वाद झाला. समान संधीचे तत्त्व आणि आजवर वगळल्या गेलेल्यांचा हक्क यांची सांगड घालायची तर असे विशेषण आवश्यकच आहे, असे बाबासाहेबांनी समजावून सांगितले. १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्याच्या निकालानंतर पहिली घटनादुरुस्ती झाली आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागासलेल्या वर्गांसाठी विशेष तरतुदीची वाट मोकळी झाली. पुढची चाळीस वर्षे न्यायालयांत एकच प्रश्न घोळत राहिला : घटनेत लिहिले आहे ‘क्लास’, मग जात हा क्लास होऊ शकतो का? १६ नोव्हेंबर १९९२ रोजी मंडल प्रकरणात, म्हणजे इंद्रा साहनी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले, की भारतात जात हा एक सामाजिक वर्ग असू शकतो आणि पुष्कळदा असतोच. कोलंबियातील पंचविशीच्या विद्यार्थ्याने १९१६ साली मांडलेले नाते देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत पोहोचायला ७६ वर्षे लागली.

आपल्या बौद्ध समाजाला या यादीतल्या शब्दांची किंमत वेगळी सांगायला नको. १९५६ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी दीक्षा घेतली, तेव्हा केंद्राच्या अनुसूचीतील सवलती जातील हे जाणून घेतली. महाराष्ट्र शासनाने ‘नवबौद्ध’ म्हणून राज्यातील सवलती दिल्या. पण अनुसूचित जातींच्या केंद्रीय आदेशात बौद्धांचा समावेश झाला तो १९९० मध्ये. मधल्या चौतीस वर्षांत ज्यांनी सवलतीसाठी धर्म लपवला नाही, त्यांची आठवण आज फॉर्म भरताना आपल्याला असते का? आपले काही माजी विद्यार्थी आता मोठ्या शहरांत स्थिरावले आहेत. त्यांतील एकाने मला खासगीत सांगितले, की मुलाच्या शाळेत तो रकाना रिकामा ठेवतो, कारण मुलाला ‘बॅकवर्ड क्लास’ हा शब्द ऐकू येऊ नये असे त्याला वाटते. त्याची वेदना मला समजते. तरीही मला वाटते, की रकाना रिकामा ठेवून शब्द मरत नाही. मुलाला तो दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून, हेटाळणीसह ऐकायला मिळतो. ‘मागासवर्गीय’ हे आपल्या बुद्धीचे वर्णन नव्हे. ती आपल्याला मागे ठेवणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध राज्यघटनेने लिहून दिलेली पावती आहे. पावती लपवायची नसते, जपायची असते.

आता आपल्या शाळेकडे येतो. स्मरणिकेच्या तयारीसाठी झालेल्या बैठकीत काही माजी विद्यार्थ्यांनी एक प्रस्ताव मांडला. पुढील वर्षापासून दहावीच्या होतकरू विद्यार्थ्यांचा गुणांवरून निवडलेला एक ‘विशेष वर्ग’ करावा, त्याला उत्तम शिक्षक द्यावेत, भिवंडी-ठाण्याहून क्लासचे अध्यापक बोलवावेत. खर्च ते उचलतील. प्रस्तावामागे शाळेविषयी प्रेम आहे आणि स्वतःच्या कमाईतून देण्याची तयारी आहे. निकाल उंचावला तर संस्थेचे नाव होईल, आपल्या मुलांना चांगली महाविद्यालये मिळतील, हेही खरे. तरी मी या प्रस्तावाच्या विरोधात आहे, आणि त्याचे कारण माझ्या स्वतःच्या चुकीत आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी दुसऱ्या एका शाळेत होतो. तेथे गुणांवरून अ, ब, क अशा तुकड्या पाडल्या जात आणि ‘क’ तुकडीचा मी वर्गशिक्षक होतो. मी प्रामाणिकपणे शिकवत होतो, असे माझे मला वाटे. एकदा मी एका मुलाला तीन वेळा तीच चूक केल्याबद्दल सर्वांसमोर ‘ढ’ म्हटले. ‘ढ’ला ही अपकीर्ती का मिळाली, तर सम्राट अशोकाच्या शिलालेखांच्या ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत सगळी अक्षरे बदलली, एक ‘ढ’ तेवढे होते तसेच राहिले, अशी एक मजेदार उपपत्ती सांगतात. मीही ती ऐटीत सांगितली. मुलगा शांतपणे म्हणाला, “सर, ते अक्षर बदललं नाही, कारण त्याला कुणी बदललंच नाही.” त्या वर्षी तो शाळा सोडून गेला. नंतर तो कधी भेटला नाही. ती तुकडी नावाला वर्ग होती. खरे तर तिचे दार आम्ही बाहेरून लावले होते. वर्षअखेरीस तिच्यातून ‘अ’मध्ये गेलेला एकही मुलगा मला आठवत नाही.

बाबासाहेबांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेविषयी लिहिले आहे. वर्गातील क्रमांकानुसार जेथे बसायचे तेथे त्यांना बसता येत नसे. कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे, आणि शाळा सुटल्यावर तो तुकडा घरी न्यावा लागे, कारण शाळेचा नोकर त्याला शिवत नसे. त्या खोलीत ‘क्लास’चे दोन अर्थ समोरासमोर होते. गुणांनी मिळालेला वर्ग बाकावर होता. जन्माने लादलेला वर्ग गोणपाटावर. आज आपल्याकडे गोणपाट नाही. पण ज्याच्या आईवडिलांना वीटभट्टीवर जावे लागते त्याचे गुण कमी असणार, हे ठाऊक असताना गुणांवरून खोल्या वेगळ्या केल्या, तर आपण गोणपाटाचेच नवे ठाण विणू. आणि वरच्यांना दिलेले ज्ञान खाली झिरपेल, हे मेकॉलेच्या काळचे आश्वासन आपण जोतीरावांची जयंती साजरी करणाऱ्या शाळेत पुन्हा देऊ.

तथागतांच्या भिक्खुसंघात ज्येष्ठता जन्मावर नव्हती. ज्याने आधी प्रव्रज्या घेतली तो ज्येष्ठ. शाक्य राजपुत्र संघात आले, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या उपाली या न्हाव्याला त्यांच्याच विनंतीवरून आधी दीक्षा देण्यात आली, म्हणजे राजपुत्रांनी त्याला वंदन करावे आणि त्यांचा कुलाभिमान गळून पडावा. पुढे तोच उपाली विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला. रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्या आपल्या शाळेला याहून वेगळा आदर्श शोधण्याची गरज नाही.

म्हणून माझे निवेदन असे. देणगीदार मित्रांनी निधी जरूर द्यावा. तो सायंकाळच्या अभ्यासिकेला द्यावा, जी सर्वांना खुली असेल आणि जिथे पहिली रांग मागे पडलेल्यांची असेल. तुकड्या पाडायच्याच तर हजेरीपटाच्या क्रमाने पाडाव्यात. हंगामाबरोबर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना वसतिगृहात आधी जागा मिळावी. वयानुरूप वर्गात प्रवेशाचा हक्क २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दिलाच आहे, त्या वर्गात टिकून राहण्याचे बळ आपण द्यायचे आहे. ‘ढ’ आणि ‘थर्ड क्लास’ हे शब्द शिक्षकांनी प्रथम आपल्या तोंडून काढून टाकावेत. आणि आठवीत शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घेताना लिपिकाच्या टेबलाशी घाई करण्याऐवजी एक पूर्ण तास द्यावा. त्या रकान्यातील शब्द कोठून आला, तो कोणी आणि कशासाठी मिळवून दिला, हे प्रत्येक मुलाला कळू द्यावे. मग ‘आमचा क्लास एस.टी. आहे’ असे लिहिणाऱ्या मुलीला हसण्यात उशीर करावा लागणार नाही. कदाचित कोणी हसणारही नाही.

पालकांनाही एक सांगणे आहे. आपण मुलाला इंग्रजी शिकवण्यासाठी धडपडता, ते योग्यच आहे. पण इंग्रजीचा एखादा शब्द घरात येतो तेव्हा तो आपल्या पोटात काय काय लपवून आणतो, तेही पाहावे. शेजारच्या मुलाशी तुलना करताना ‘तुझा क्लासच तो नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा मुलाच्या मनाचे एक दार आपण नकळत लावतो.

आणि आता त्या उंच मुलाला उत्तर. बाळा, तू विचारलेस, क्लास बदलता येतो का. शाळेतला येतो, अभ्यास तू कर, सोबत आम्ही आहोत. आगगाडीतला पैशाने येतो, नोकरीतला परीक्षेने येतो. जन्माने चिकटवलेला मात्र एकट्याने बदलता येत नाही. त्याचे दार सर्वांनी मिळून उघडावे लागते, आणि ते उघडण्यासाठीच एका माणसाने आपले सारे आयुष्य वेचले. तुझी वही त्या दिवशी कोरी होती. पुढच्या जूनमध्ये तू सातवीत जाशील, तेव्हा तिच्यात पहिले वाक्य तू लिही; तपासायला मीच येईन.

जयभीम! नमो बुद्धाय!